तीन मॉनिटर रिजेक्ट

११ सप्टेंबर, गुरुवार. वीकली ऑफ.
मॉनिटर घ्यायचा हे आज नक्की केलं. काल पुन्हा तेजस्विनीने मारलं. ही आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटची ट्रेनी. कंपनीत मला सर म्हणते आणि संध्याकाळी ऑनलाइन गेममध्ये पाठीमागून गोळी घालते. माझा दोष शून्य. आमच्या लॅपटॉपवर शत्रू झुरळाएवढा दिसतो. त्या स्क्रीनची शिसारी आली आहे.

बायकोला, हर्षालीलाही मॉनिटर हवाय. तळवड्याच्या एका डिझाइन कंपनीचं डायच्या, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांच्या, ड्रॉइंगचं काम तिला घरी बसून मिळतंय. दसऱ्याच्या आत नमुन्याची ड्रॉइंग पास झाली की नोकरी पक्की. म्हणते, घरून काम असलं म्हणजे तुमच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारचं जेवण तरी एकत्र होईल. त्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून तिची मान आखडली आहे. साधा, मोठा, अक्षर स्वच्छ दिसणारा आणा म्हणाली, आणि उद्याच आणा. बायकांना मॉनिटर म्हणजे कांदे वाटतात.

१४ सप्टेंबर, रविवार. फर्स्ट शिफ्ट.
अभ्यास चालू. गेमला हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला बदलणारी चित्रं, जास्त लागतात, ड्रॉइंगला रेझोल्यूशन, सिनेमाला काळा रंग काळाच दाखवणारा पॅनल. मला तिन्ही एकात हवंय. मॉनिटरचे व्हिडिओ करणारे सगळे कंपन्यांना विकले गेलेले. एक म्हणतो कर्व्ह घ्या, दुसरा म्हणतो कर्व्ह घेणारा मूर्ख. दोघांच्या पाठीमागे तेच जांभळे दिवे. किळस.
हर्षाली म्हणाली, वाकड्या स्क्रीनवर मला सरळ रेघ वाकडी दिसेल. मी म्हटलं, सवय होते. ती म्हणाली, मला होईल हो, डाय बनवणाऱ्याला होणार नाही.
असो. चाकणला प्रेस शॉपमध्ये बाहेरून येणाऱ्या मालाचं इनकमिंग इन्स्पेक्शन मी करतो. भलेभले सप्लायर माझ्यापुढे चळाचळा कापतात. एक मॉनिटर मला काय फसवणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार. वीकली ऑफ.
पहिला आला. कर्व्ह, एकशे ऐंशी हर्ट्झ. पलंगावर पांढरी चादर घातली, टॉर्च आणि भिंग घेऊन तासभर तपासला. मग लॅपटॉपला जोडून गेम लावला. हालचाल तीच, लॅपटॉपसारखी अडखळत. एकशे ऐंशी म्हणे. बैलगाडी बरी. कंपनीतून आणलेला लाल टॅग लावला. रिजेक्ट.
हर्षाली म्हणाली, अक्षरं छान दिसतायत, माझं काम होईपर्यंत तरी राहू द्या. मी समजावलं, एकदा दोष असलेला माल सवलतीत घ्यायची सवय लागली की अख्खी लाइन बंद पडते. ती मानेला गरम पाण्याची पिशवी लावून परत लॅपटॉपपुढे बसली.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
दुसरा. फ्लॅट, दोनशे चाळीस हर्ट्झ. तेच अडखळणं. रिजेक्ट. एवढ्या मोठ्या देशात एक मॉनिटर धड मिळू नये.
आणणारा आणि परत नेणारा माणूस एकच, नवनाथ. म्हणाला, भाऊ, एखादा ठेवून घ्या की राव, लिफ्ट बंद हाय तुमची. डिलिव्हरीवाल्याने क्वालिटीवर बोलू नये. तसं त्याच्याकडे बघितलं.
संकल्प: रविवारपर्यंत हर्षालीला उत्तमच आणून द्यायचा. तिने हल्ली विचारणं सोडलंय. विश्वास बसला असावा.

२७ सप्टेंबर, शनिवार.
तिसरा. सगळ्यात भारी पॅनल, काळा रंग अमावस्येसारखा. अक्षरांच्या कडांना मात्र रंगीत झालर. हर्षालीलाही ती खटकली, म्हणजे आमचं एकमत झालं. गेम लावला. अडखळतोच. रिजेक्ट.
संध्याकाळी नवनाथ घेऊन गेला आणि पाठोपाठ मेसेज आला. वारंवार माल परत केल्यामुळे यापुढे तुमच्या खात्यावर रिटर्न बंद. दर्जाची चाड असणाऱ्याला ही वागणूक. थू.
हर्षाली म्हणाली, उरलेली ड्रॉइंग मी सोमवारपासून तळवड्याला त्यांच्या ऑफिसात बसून करते. मी म्हटलं, छान, तिथले मॉनिटर नीट बघून ये, आपल्याला निवडायला उपयोग होईल. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कौतुक असावं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
कंपनीत मशीनची पूजा. प्रेसला झेंडूचे हार, आमची मोजमापाची वर्निअर, मायक्रोमीटर, गेज पाटावर मांडून हळदकुंकू. मॅनेजर अर्जुनरावांनी नारळ फोडला. पेढे वाटताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं तेजस्विनीला सांगितलं की तीन मॉनिटर रिजेक्ट केले.
तिने लॅपटॉपचं मॉडेल विचारलं, फोनवर शोधलं. मग हळूच म्हणाली, सर, तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट जुना आहे, मोठ्या स्क्रीनला साठ हर्ट्झच्या वर देतच नाही, कुठलाही मॉनिटर लावला तरी तसाच चालणार.
म्हणजे माल बरोबर होता, गेज चुकीचं होतं. मापाआधी गेज तपासा, हे मी सप्लायरच्या पोरांना ओरडून सांगतो. अर्जुनराव पाटावरच्या गेजकडे बघत हसले. पेढा खवट होता. पूजेला असले पेढे आणणाऱ्यांची कमाल आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
दसरा, गांधी जयंती आणि वीकली ऑफ एकाच दिवशी. सुट्ट्यांची इतकी घाणेरडी नासाडी पाहिली नव्हती.
हर्षालीची ड्रॉइंग पास झाली. सोनं देताना सांगितलं. मी म्हटलं, आता घरून काम, आता तू म्हणशील तो साधा मॉनिटर आज मुहूर्तावर आणतो, दुकानात जाऊन. ती म्हणाली, नको, मी रोज ऑफिसला जायचं कबूल केलंय. त्यांनी घरूनच करा म्हटलं होतं, मीच नको म्हटलं.
का, ते मी विचारलं नाही. रागावून नाही. उत्तर माहीत होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार. सेकंड शिफ्ट.
हर्षाली आठला गेली. मी घरी परतेन तेव्हा ती झोपलेली असेल. हा आठवडा असाच जाणार.
दुपारी ताट वाढून घेतलं. भेंडीची भाजी फार चांगली झाली होती. तसं सांगायला घरात कुणी नव्हतं.