किड्याच्या तोंडाचा तपास

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? आतोबांचा खोकला कमी झाला का? मी तब्येतीने ठणठणीत आहे, पण माझी नोकरी मात्र शेवटच्या घटका मोजते आहे.

आमची प्रयोगशाळा तू पाहिलीच आहेस (मागच्या आठवड्यात येऊन, "या दगडांचा पगार देतात होय रे तुला?" असं साहेबांच्या देखत विचारलं होतंस). त्यातल्या एका दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री किडा आहे. असा दगड फोडला की त्याच्या दोन फाकी होतात, आणि आमचं नशीब असं, की धड राहिलं एका फाकीत आणि तोंड गेलं दुसरीत. साहेबांचं म्हणणं, त्या तोंडात दात आहेत. दात म्हणजे शिकार आली, शिकार म्हणजे धावपळ, आणि धावपळीला भरपूर प्राणवायू हवा. म्हणजे त्या काळचा जो समुद्रतळ गुदमरून मेलेला होता असं सगळे समजतात, तो मजेत श्वास घेत होता. एवढा मोठा समुद्र एका टीचभर तोंडावर उभा आहे, आणि तीच फाक सापडत नाही. परवा बाहेरचे तज्ज्ञ दात बघायला येताहेत.

साहेब ओरडत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. सकाळपासून रिकाम्या ट्रेसमोर बसून आहेत, चहाला हातही लावलेला नाही. मी कपाटं उपसली, कचऱ्याचे डबे पालथे घातले. झाडूवाल्या मावशींवर संशय घेतला (तर त्यांनी माझ्याच टेबलाखालून माझा हरवलेला चष्मा काढून दिला, आता त्यांच्याकडे बघायची सोय राहिली नाही). साहेबांची उभी हयात या किड्यात गेली आहे. त्यांची पाठ दिसली की मी तेच कपाट पुन्हा उपसायला घेतो.

असो. जिवाला जप. आतोबांना नमस्कार सांग.

तुझा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. ती फाक मीच धुऊन बेसिनच्या कडेला वाळत ठेवली होती, हे आत्ता लक्षात आलं. तू तिथेच हात धुतलेस आणि "टाचा घासायला झकास दगड आहे, नेऊ का?" म्हणालीस. मी मान वर न करता "ने की" म्हणालो. हे पत्र आणणारा ड्रायव्हर दारात थांबेल. दगड त्याच्याकडे दे, आणि कृपा करून पुसू नकोस.

आणखी एक. साहेबांनी हे सगळं माझ्या खांद्यावरून वाचलं. रागावले नाहीत. एवढंच विचारायला सांगितलंय, की दगड टाचेला अजून टोचतो का? टोचत असेल, तर आत्या, ते दात आहेत.