दोरीला हात लावू नये

ता. ४ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईच्या अधू पायासाठी तीन सांध्यांची पोलादी पट्टी, जी तिने शेवटच्या दिवसापर्यंत बांधली. बॉयलरच्या जुन्या पितळेतून केलेलं भिंतीवरचं घड्याळ. आठवड्याला पाऊण मिनिट मागे पडतं आणि का पडतं ते मला माहीत आहे. तुझ्या शिवणयंत्राचा दांडा. शेडमधला लहान लेथ, दोन भंगार लेथ मोडून एक. माझी सगळी मापं आणि कॅलिपर. आणि आपोआप वाजणारी शिट्टी.

माझ्या हातच्या वस्तूंची ही यादी तुला नव्हे, शेडच्या साहेबांना लिहून दिली. शिट्टीच्या चाचणीसाठी केलेल्या अर्जात 'शिक्षण' असा रकाना होता. साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, फिटर, इथे काय भरायचं? मी म्हटलं, तिथे चौथी पास लिहा, बाकीचं मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहितो.

शिट्टीचं तुला नीट सांगतो, म्हणजे तुझे हे घरी येऊन तिखटमीठ लावून सांगतील त्याच्या आधी खरं कळेल. तुमच्या गावाबाहेरच्या वळणावर रस्ता रुळांना आडवा जातो आणि तिथे फाटक नाही. पाच वर्षांत तीन माणसं गेली. चौकशीत दर वेळी ड्रायव्हर म्हणतो शिट्टी दिली, आणि गावकरी म्हणतात नाही दिली. मी त्या रस्त्याच्या तीनशे पावलं आधी, रुळांच्या मधोमध एक उतरती लोखंडी पट्टी बसवली आहे. इंजिनाच्या पोटाखाली एक खुंटी लोंबते. इंजिन पट्टीवरून गेलं की खुंटी वर ढकलली जाते, वाफेची झडप उघडते आणि शिट्टी बरोबर नऊ सेकंद वाजते. ड्रायव्हर जागा असो की डुलकीत असो. खुंटी पट्टीला सहा सूत अडते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माझ्या बहिणीला सांगायला नको.

सकाळची गाडी दाजींचीच, म्हणून पहिली खुंटी त्यांच्या इंजिनाला लावली. शेडमधले टवाळ ड्रायव्हर तिला 'सासू' म्हणतात, कारण कुणी न विचारता बोलते. म्हणोत. शहरातला एक कारखानदार बघून गेला आहे. चार महिने चाचणी नीट झाली तर बोलू, म्हणाला.

पत्राला उत्तर दे आणि दादावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा दादा

*

ता. १५ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी सासू पाहिली नाही, पण ऐकली. माझी खरी सासू म्हणते, या वयात मला जोडीदारीण कशाला आणली? आवाज मात्र दणदणीत आहे. दूधवाला सांगत होता, आता म्हातारी माणसंसुद्धा वळणावर थांबून वाकून बघत नाहीत. शिट्टी नाही म्हणजे गाडी नाही, एवढं साधं झालं आहे. तुझं नाव घेतो बिचारा. माप हल्ली जरा सढळ घालतो, ते तुझ्यामुळेच असावं.

एक तक्रार आहे, रागावू नकोस. प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी त्याच्या अक्षरासारखी असते. ह्यांची आधी लांब, आणि शेवटी जरा वर उचललेली, जसं कुणी हाक मारून 'काय?' विचारावं. ती ऐकून मी चुलीवर पाणी ठेवायची. आता तुझी वाजते आणि तिच्या मागोमाग ह्यांची, दोन्ही एकमेकींच्या अंगावर पडतात. भांडण लागल्यासारखं वाटतं.

ह्यांचा नमस्कार. तुझ्या खोकल्याचं लिहिलं नाहीस, म्हणजे तो आहेच. औषध घे. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी धाकटी

*

ता. २२ सप्टेंबर

ती. रा. रा. दाजींस स. न. वि. वि.

धाकटीच्या पत्रावरून कळलं की तुम्ही माझ्या शिट्टीवर आपली शिट्टी देता. इंजिनात मी जी कागदाची गुंडाळी बसवली आहे, तिच्यावर झडप उघडली की काटा रेघ ओढतो. तुमची रेघ माझ्या रेघेत मिसळते. नऊ सेकंद मोजायचे कुठून? कारखानदार रेघा मोजणार आहे, तुमची कलाकुसर नव्हे.

तेव्हा स्पष्ट लिहितो. चाचणी संपेपर्यंत पट्टीपासून रस्ता ओलांडेपर्यंत शिट्टीच्या दोरीला हात लावू नये. अजिबात लावू नये. साहेबांना विचारलं आहे, त्यांची तोंडी परवानगी आहे. यंत्र चुकणार नाही, त्याची हमी माझी. मी रोज पहाटे गाडी निघण्याआधी खुंटी स्वतः तपासतो.

राग नसावा. घरचा माणूस म्हणून हक्काने लिहिलं.

आपला, फिटर मेहुणा

*

ता. २७ सप्टेंबर

रा. रा. फिटरसाहेबांस स. न. वि. वि.

हुकूम मिळाला. हात खिशात घालून उभा राहतो. पहिले दोन दिवस बोटं आपोआप दोरीकडे जायची, आता सवय झाली. आधी मी वळणाआधीचा पांढरा दगड बघायचो आणि दोरी ओढायचो. आता दगड बघावा लागत नाही. सासू बोलली की कळतं, वळण आलं. तुमची बहीण म्हणते की मी मुका झालो. घरात तर मी आधीपासूनच मुका आहे, हे तिला कोण सांगणार.

तुमचं पत्र तिने पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे. म्हणते, दादाने एवढं रागावून लिहिलेलं पहिलंच आहे, जपायला हवं.

आपला, दाजी

*

ता. १९ डिसेंबर

ती. दादास सा. न.

तार मिळालीच असेल. तारेत लिहिता आलं नाही ते लिहिते.

सोमवारी सकाळी धुकं एवढं होतं की आमच्या दारातून समोरचा नळ दिसत नव्हता. मी दुधाची वाट बघत होते. गाडीचा आवाज आला, शिट्टी आली नाही. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला. आपला दूधवाला होता. तो, त्याचा घोडा आणि लाकडी गाडा. कॅन रुळांच्या दोन्ही बाजूंना उडाले होते. दूध खडीत जिरायला वेळ लागत होता, लोक ते बघत उभे होते, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

हे म्हणतात, मी शिट्टीची वाट बघत होतो. धुक्यात दगड दिसला नाही. वाटलं पट्टी अजून यायची आहे. समोर घोडा दिसला तेव्हा दोरी ओढली, आणि त्या वेळेपर्यंत झालं होतं. ह्यांना कामावरून उतरवलं आहे. पोलीस दोनदा येऊन गेले. म्हणतात ड्रायव्हरने शिट्टी दिली नाही, सरळ गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो.

दादा, ती का वाजली नाही?

धाकटी

*

ता. २३ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्या सोमवारी पहाटे मी इंजिनाखाली होतो. शनिवारीच ते रेल्वेच्या मोठ्या कारखान्यातून दुरुस्ती होऊन आलं होतं, आणि सोमवारी पहिल्यांदा गाडीला लागलं. खुंटी हाताने वर उचलली. वाजली. परत उचलली. परत वाजली. साक्षीला शेडमधले तीन जण आहेत. झडप साफ, स्प्रिंग नवी. अपघातानंतर साहेबांसमोर पुन्हा उचलली, तेव्हाही वाजली.

तेव्हा यंत्रात दोष नाही. चौकशीत मी तसं लिहून दिलं आहे. दाजींनी दगडाकडे लक्ष द्यायला नको होतं का? वीस वर्षं इंजिन चालवलेला ड्रायव्हर, आणि धुक्यात कान टवकारून उभा राहतो? मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण जे आहे ते आहे. माझ्या हातची वस्तू आजवर चुकलेली नाही.

वकिलाचं काही लागलं तर कळव.

दादा

*

ता. २९ डिसेंबर

दादास,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. त्यांनी स्वतः उचलून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, बरोबर आहे, दगड मीच बघायला हवा होता. तेवढंच. जेवले नाहीत.

काल दूधवाल्याची बायको आली होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने रिकामी बाटली मागितली, आमच्याकडे राहिलेली. दारातच सांगत होती की तो वळणावर नेहमी घोडा थांबवून खाली उतरायचा आणि रुळाला कान लावायचा. गेले तीन महिने उतरत नव्हता. म्हणायचा, आता फिटरने सोय केली आहे, उगाच गुडघे का झिजवायचे. तुझं नाव तिला माहीत नाही, नुसतं 'फिटर' म्हणाली. तो माझा भाऊ आहे हे मी तिला सांगितलं नाही. बाटली धुऊन दिली.

आता डब्यातल्या पत्राचं. 'दोरीला हात लावू नये. अजिबात लावू नये.' तुझं अक्षर आहे. वकील म्हणतो असा एक कागद मिळाला तर सगळा रंग बदलेल. हे म्हणतात जाळून टाक. बायकोच्या भावाला कोर्टात उभा करून मी सुटलो असं मला नको. रोज विचारतात, जाळलं का. मी रोज सांगते, जाळलं. जाळलेलं नाही.

तू लहानपणी मला शिकवलंस की आधी मोजावं आणि मग बोलावं. तू काय मोजलंस, दादा? तू हाताने उचललीस. पट्टीने उचलली का, ते कुणी बघितलं?

तू सांगशील तसं करीन. पण लवकर सांग. चौकशी सहा तारखेला आहे.

धाकटी

*

ता. ४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो. तिसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन इंजिनाखाली गेलो.

रुळाच्या माथ्यापासून खुंटीच्या टोकापर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं, कारण आकडा मला पटेना. मग कारखान्याचा कागद मागवला. दुरुस्तीत इंजिनाच्या सगळ्या चाकांना नवे टायर चढवले आहेत. चाकावर जे पोलादी कडं असतं, ते टायर. जुने झिजून पातळ झाले होते. नवे जाड, म्हणून आख्खं इंजिन वर आलं. किती वर? नऊ सूत. माझी खुंटी पट्टीला अडत होती सहा सूत. म्हणजे सोमवारी ती पट्टीच्या तीन सूत वरून निघून गेली. एवढ्या फटीतून माझी करंगळीही जेमतेम जाईल.

झडप मोजली, स्प्रिंग मोजली, वाफ मोजली, सेकंद मोजले. रुळापासूनची उंची एकदाच मोजली, सप्टेंबरमध्ये, झिजलेल्या टायरवर. नंतर रोज पहाटे हात वर नेला आणि समाधानाने बाहेर आलो. टायर झिजतात आणि बदलतात हे शेडमधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. मी स्वतः शेकडो टायर बदलताना पाहिले आहेत. खुंटीला वर-खाली करायची सोय ठेवायला पेच फिरवायचा एक आटा पाडावा लागला असता, अर्ध्या दिवसाचं काम. मला वाटलं, एकदा बसवली ती बसवली, उगाच कुणाच्या हाताला खेळ नको.

दगड न बघण्याची सवय दाजींना मी लावली, आणि रुळाला कान न लावण्याची दूधवाल्याला. हात लावू नका म्हणून लिहिलं तेही मीच, आणि ते कारखानदाराच्या रेघा स्वच्छ दिसाव्यात म्हणून.

मागच्या पत्रात दाजींबद्दल जे लिहिलं, ते खोटं होतं. त्यांना हे वाचून दाखव, नजरेला नजर देऊन. माझ्याने तोंडावर म्हणवणार नाही.

पत्र जाळू नकोस. वकिलाला दे. मी आज साहेबांना मापांचा कागद सहीनिशी दिला. पूर्वी दिलेलं निवेदन परत मागितलं, त्यांनी दिलं नाही, मग त्याच्याखाली नवं जोडलं आणि त्यात तुझ्या डब्यातल्या पत्राचाही उल्लेख केला. साहेब दार लावून म्हणाले, फिटर, तुझी नोकरी जाईल आणि खटला तुझ्यावर येईल, मेहुण्याला तरी पुरतं सोडतील याचा भरवसा नाही. मी म्हटलं, नसेना का. माणूस मेला त्याच्या दोषाची विभागणी तरी खरी होऊ दे. सहा तारखेला मी येतोय. उतरल्यावर आधी दूधवाल्याच्या घरी जाईन, मग तुझ्याकडे. त्याच्या बायकोला सांगून ठेव की फिटर तुझा भाऊ आहे. मी जाण्याआधी तिला कळलेलं बरं.

खुंटी काढून घेतली. दुसरे ड्रायव्हर दोरी ओढतात. दाजींना कामावर घेतलं तर तेही आपल्या हाताने ओढतील, आणि तू चुलीवर पाणी ठेव.

तुझ्या मनात माझ्यासाठी काही उरलं असेल तर ते असू दे. नसेल तर तसं लिही.

दादा

ता. क. : हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्यापेक्षा मीच लिहितो. आज संध्याकाळी कारखानदार शेडच्या दारात भेटला. त्याला सगळ्या गाड्यांसाठी शिट्टी हवी आहे, प्रत्येक शिट्टीवर माझ्या नावाची पितळी पाटी लावून. अट अशी की मी मापांचा कागद मागे घ्यावा, यंत्र निर्दोष होतं या आधीच्या निवेदनावर राहावं आणि तुझ्या डब्यातलं ते पत्र त्याच्या हवाली करावं. मी नाही म्हटलं. रक्कम अठरा हजार रुपये होती.