आंबट नसलेलं रक्त

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, नर्सची नोकरी करून मी निवृत्तही झाले, पण पिंपळे गुरवच्या आपल्या घरात तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून धड देता येत नाही. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. स्टोव्हपाशी बसून मोठ्यांदा पाठ करतेय: रक्त नेहमी किंचित अल्कलीकडेच, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूलाच, झुकलेलं असतं, ते नेहमीपेक्षा कमी झुकलं की ॲसिडिमिया, म्हणजे रक्त आंबट होणं, आणि ज्या बिघाडानं तसं होतं तो ॲसिडोसिस. तुम्ही पहिल्या पाळीहून आलेले, साखरेचं दुखणं असून आईच्या नकळत चहात गुळाचा खडा टाकताय. म्हणालात, "रगत आंबट होतच न्हाई म्हनतीस, मग आंबट झालं कसं म्हनतीस?" दुसऱ्या दिवशी मी हे शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर आधी पाठ करा, शहाणपणा मागाहून, असं सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागलं. तुम्हाला सांगितलं तर केवढे हसलात. मला मात्र तुमचा राग आला होता.

पुढच्याच वर्षी साखर बेसुमार वाढून तुम्ही आमच्याच वॉर्डात आलात. श्वास खोल, जोरजोरात, भात्यासारखा. आई छाती चोळत हळू, हळू म्हणत होती. डॉक्टरांनी तिला थांबवलं. रक्तातलं ॲसिड वाढलंय, शरीर ते श्वासावाटे कमी करू पाहतंय, म्हणाले. म्हणजे हा श्वास आजाराची खूण आणि आजारावरचा उपायही. माझं डोकं चालेना. तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात.

"पोरी, ह्यो दम बरा का वाईट?"

"बरा हाय, आबा," मी म्हणाले.

दुपारी तुमचा श्वास हळू झाला. आई म्हणाली, झोप लागली वाटतं. मी मान डोलावली. संध्याकाळी तुम्ही गेलात. श्वास मंदावतो तो ॲसिड उतरल्यामुळे किंवा माणूस थकल्यामुळे, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही, हे मी पुढे कितीतरी मुलींना शिकवलं. तुमचं काय झालं होतं, हे त्या डॉक्टरांना विचारायचं धाडस मात्र कधी झालं नाही. आईलाही यातलं काही बोलले नाही, आणि हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. तुमचा श्वास हळू झाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आबा.