बायकांचा जानोसा

वणी, रंगपंचमीनंतरचा शुक्रवार, भर दुपार

तीर्थस्वरूप विमलताईस,

धाकट्या पुंडलिकचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. रामराव भाऊजींना वेगळा नमस्कार सांगशील, आणि त्यांचा गुडघा कसा आहे तेही कळव. (त्यांचा आवाज कसा आहे हे विचारत नाही. तो उमरखेडहून वणीपर्यंत येतो असा मला कधीकधी भास होतो.) आमच्याकडे सगळं ठीक. तूर घरात आली, मोहाचा वास गावात शिरला, आणि लग्नाच्या तिथ्यांना अवकाश असल्यामुळे माझ्या गाद्या स्वस्थ पडून आहेत. खिशात एवढा फोन असताना याला पत्राची आठवण काहून झाली, असं तुझ्या मनात आलंच असेल. कारण आहे, पण ते शेवटी. (आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी लहानपणची खोड या वेळी आवर.)

तुला आठवतं ना, मी सायकलला भोंगा बांधून सिनेमाच्या जाहिराती ओरडत फिरायचो, तेव्हा बाबा म्हणायचे, हे पोरगं गळ्याचंच खाईल. खरं झालं. आज 'पुंडलिक बिछायत केंद्र, मंडप व साउंड' असा फलक आहे, पण मूळ धंदा आवाजाचाच. कोणत्या भोंग्याचा पडदा फाटला हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. कोळशाचा ट्रक राजूरकडून भरून येतो की रिकामा जातो, हे तर झोपेतही सांगतो. तर अशा माझ्या गोदामात, गाद्यांच्या थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत, यंदा निशिगंधाची नाटकमंडळी उतरली. निशिगंधा म्हणजे आपल्याच गल्लीतली, नागपूरला नाटकाचं शिकून परत आलेली पोर. सोबत चार बायका. मंडळीचं नाव 'ओसरी'. बायकांच्या जगण्यावर नवी नाटकं करायची, आणि तीही आधी लिहायची नाहीत. आधी गावच्या बायकांना दुपारी बोलवायचं, चहा द्यायचा, ऐकायचं, मग उठून ते करून पाहायचं, अशी त्यांची रीत. मी कनातीच्या पलीकडे वायरी गुंडाळत बसायचो. (कान देऊन नव्हे. माझे कान मला विचारून कुठे जातात?)

पहिले कित्येक दिवस काहीच हाती लागेना. बायका यायच्या, चहा प्यायच्या आणि सांगायच्या, आमचं सारं चांगलं हाय. नवरा चांगला, सासू चांगली, गावही चांगलं. निशिगंधा बिचारी सुकत चालली. एवढ्या चांगल्या गावात नाटक कसलं करायचं? शेवटी तिने हात टेकून विचारलं, "बरं, तुमाले सपनं कोणती पडतात तेवढं त सांगा." त्यावर तांड्यावरची रुपीबाई, जी तोवर कोपऱ्यात घोंगड्यासारखी गप्प बसली होती, ती म्हणाली, "सपन पडाले आधी झोप त लागू दे, बाई." आणि ताई, गोदामात एकदम असा कल्ला उठला की माझ्या हातची वायर सुटली. सगळ्या एकदमच बोलत होत्या. कोणाला पहाटे नळ उठवतो, कोणाला बाळ, कोणाला दुसऱ्या पाळीहून आलेला नवरा. दुपारी आडवं पडलं की बेल, कुत्रं, कुकर, पाहुणा. पडल्यावरही एक कान उभाच.

झालं, त्यातून नाटक निघालं. एक बाई आहे. तिला एक दुपार झोपायचं आहे, बस्स. घरात, शेतात, माहेरी, एसटीत, जिथे डोळा लागतो तिथे कोणीतरी हाक मारतं. शेवटी ती एका अनोळखी अंगणात पडते, हाकांवर हाका येतात, पण ती उठत नाही, आणि पडदा. हाका द्यायचं काम माइकवर माझं. (त्यात मी पदरचीही भर घातली. "अवोऽ, माही बनियान कुठी हाय?" ही ओळ निशिगंधाने लिहिलेली नाही, मीच घातली.) मुख्य काम त्या चौघींतल्या वैष्णवीचं होतं. पण प्रयोग तोंडावर आला आणि तिला सासरहून बोलावणं आलं. नाटकातल्या साऱ्या हाकांना ती पुरून उरली होती, या एकीला उठून गेली.

मंडळी डोक्याला हात लावून बसली. एवढ्यात तुझी भावजय मथुरा चहाचा गंज घेऊन आत गेली, आणि निशिगंधाने तिचा पदरच धरला. म्हणे, "काकू, बोलाचं काई नाई. तुमाले फक्त झोपाचं हाय." मथुरा म्हणाली, "तेवढंच त येत नाही वो माय मले." हे विनयाने नव्हतं. तालमीत मी पहिली हाक मारली की ही ताडकन उठून बसायची, "आली आली!" रोज. निशिगंधा समजावायची, काकू, हे खोटं आहे. मथुरा म्हणायची, आवाज त खराच हाय न. डोळे मिटलेले असले तरी तिच्या बांगड्या हलकं किणकिणत राहायच्या. ते मला गादीजवळच्या माइकमधून ऐकू यायचं. उद्या ती जर अशीच उठली, तर नाटकच उलटं होणार होतं: बाई शेवटी पुन्हा चहाला लागली! ही धास्ती निशिगंधाला होतीच, पण मथुरेला जास्त. घरात भांडी घासता घासता मला म्हणाली, "एक डाव तरी मले ना उठता पडून राहता आलं पाह्यजे हो."

प्रयोग गोदामातच, दुपारी ठेवला, कारण रात्री बायका येतात कुठे. खुर्च्या साऱ्या एका सभेला गेलेल्या. मग मी हाताच्या सवयीने जानोसा लावला. लग्नात वऱ्हाड उतरतं तो जानोसा मी झोपेतही लावू शकतो: गाद्या, लोड, पांढऱ्या चादरी, वाळ्याचा कूलर, आणि उन्हासाठी चहूबाजूंनी निळी कनात. लावून झाल्यावर मनात आलं, इतकी वर्षं या गाद्यांवर मी फक्त गडीमाणसंच घोरताना पाहिली. जानोशात बायका येतात त्या साड्या बदलायला.

नाटक सुरू झालं. निळा उजेड पाण्याच्या तळासारखा. वाळ्याचा गार वास. बायका आधी ताठ बसल्या, मग लोडाला टेकल्या, हसल्या, रडल्या, मग एकेक करून आडव्या झाल्या. आणि शेवटच्या प्रवेशात मथुरा मधोमध गादीवर पडली. मी कानाला हेडफोन लावला. बांगड्या किणकिणत होत्या. मग थोड्या कमी. मग एकदा. मग काही नाही.

ताई, इतक्या वर्षांच्या संसारात त्या बांगड्या गप्प झालेल्या मी ऐकल्या नव्हत्या. निशिगंधा विंगेतून हातवारे करून राहिली, "काका, हाक द्या, हाक!" हाकेवर नाटक संपणार होतं. मी माइक धरला, तोंड उघडलं, आणि ज्याने जन्मभर गळ्याचंच खाल्लं त्याची हाकच निघेना. मी माइकचं बटण बंद केलं आणि मान हलवली. पोर संतापून माझ्याकडे निघाली ती अर्ध्यात थांबली. अख्खं प्रेक्षागृह झोपलं होतं. रुपीबाईचा हात शेजारच्या अनोळखी बाईच्या पोटावर, तोंड उघडं. सगळ्यांचा श्वास कनातीत भरून ती जहाजाच्या शिडासारखी हळूहळू फुगत होती, आणि मला वाटलं, आता हे गोदाम, गाद्या, बायका, सगळं जमिनीवरून सुटून कोळशाच्या डोंगरांवरून, फुललेल्या पळसांवरून जाईल, आणि कोणी हाक मारली तरी खाली येणार नाही.

निशिगंधा कुजबुजली, "काका, माहा शेवट राहिला." मी म्हटलं, "चालू हाय न पोरी." ती मुसमुसली, मग हसली, मग तीही एका लोडाला लागली.

पुढे चहाची वेळ टळली तशी दाराशी माणसं जमली. कोणाला किल्ली पाहिजे, कोणाला जेवण. मी दारात स्टूल टाकून बसलो आणि सगळ्यांना एकच सांगितलं, नाटक चालू आहे, मधात सोडता येत नाही. एकाने विचारलं, आवाज काहून येत नाही? मी म्हटलं, साउंडवाल्याला विचारता का? ऊन उतरल्यावर बायका आपापल्या उठल्या. मथुरा सर्वांत शेवटी. गालावर चादरीची घडी उमटलेली. म्हणाली, "तुमी हाक मारली का? मले ऐकूच नाई आली."

असो. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, तुझ्या म्हशीस चारा.

तुझा,
पुंडलिक

ता. क. पत्राचं कारण. त्या दिवसापासून मथुरा दुपारी झोपते. आत्ताही आतल्या खोलीत झोपली आहे, आणि तुझ्याशी फोनवर हळू बोलणं मला जमत नाही. तेव्हा दुपारी फोन करू नको. (हे तुला कळेपर्यंत आठवडा जाईल आणि तोवर तू रोज करशील, म्हणून फोन गादीत खोल गुंडाळून ठेवला आहे.)

ता. क. दुसरा. 'ओसरी'चा प्रयोग पुढच्या पंधरवड्यात तुमच्या उमरखेडला आहे. वैष्णवी परतली, पण काम आता मथुरेचंच. आम्ही तुझ्याकडेच उतरू. तिला मागची खोली दे. आणि भाऊजींची अंगणातून "अवोऽऽ" म्हणायची सवय तेवढे दिवस कशीही करून थांबव.

ता. क. तिसरा. ती काही थांबायची नाही, म्हणून दाराशी भाऊजींना घेऊन मीच बसेन. आणि येताना मथुरेच्या गादीशेजारी टाकायला आणखी एक नवी गादी आणतो आहे. निवडक कापूस, सरकीचा दाणा नाही. ती कोणासाठी हे भाऊजींना आत्ताच सांगू नको. संध्याकाळचा चहा मी करीन, येतो मला आता. फक्त साखर कुठे ठेवतेस तेवढं आधी सांग, मग झोप.