वाट्याच्या सभेतलं उत्तर

प्रिय ठकू,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. एक स्वेटर, गुडघ्याच्या मलमाच्या दोन नळ्या, गरम पाण्याची पिशवी आणि बिस्किटांचा डबा. निम्म्या बिस्किटांचं वाटेतच पीठ झालं होतं, ते दुधात कालवून खाल्लं, वाया काही गेलं नाही. टपाल कचेरीत सोडवून घ्यायला तीनशे चाळीस मोजावे लागले ते वेगळेच. स्वेटरवरची किमतीची चिठ्ठी काढायला विसरलीस, बाई. तेवढ्यात माझा दोन महिन्यांचा किराणा होतो. पुन्हा असलं काही पाठवायचं नाही. मापाला मात्र अगदी बरोबर आहे, अंगात घालूनच लिहिते आहे.

माझी काळजी करू नकोस. तुझे बाबा गेल्यापासून स्वयंपाक तो काय, मूठभर. भाताचं छोटं पातेलंसुद्धा मोठं वाटतं. खाणीची धूळ तशीच आहे, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने रेघ ओढावी. तू पाहिलेलं डोंगराचं टोक आता नाही. पूर्वी ओट्यावर ऊन यायला दूधवाला येऊन जावा लागायचा, आता चहाच्या आधणाबरोबरच येतं. देवाने उजेड वाढवला म्हणावं, तर डोंगर कमी केला.

तू लिहिलं होतंस, तिकडे इस्पितळात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणींना आपल्या वाट्याची गोष्ट खरीच वाटत नाही. त्यांना सांग, यात न कळण्यासारखं काही नाही. डोंगर कुणी एकाने केलेला नाही. खाणवाले दगड नेतात, त्याचं मोल गावाला देतात. घरं ज्याची त्याची, पण खालची जमीन सगळ्यांची. चौकातला कापडवाला जागेचं भाडं जास्त भरतो, आपण मागच्या गल्लीतले कमी. सगळं एका ठिकाणी जमा होतं आणि वर्षातून एकदा माणशी सारखं वाटलं जातं. काल जन्मलेल्या पोराला जेवढं, तेवढंच कापडवाल्याला. बाबा खाणीच्या काट्यावर गाड्यांचं वजन करायचे, तेव्हा एका साहेबाने चिडून विचारलं होतं, "डोंगर काय तुमच्या बापाचा लागून गेलाय?" बाबा म्हणाले, "हो ना! माझ्याही आणि तुमच्या या ड्रायव्हरच्याही. म्हणून तर काटा नीट बघतोय." ड्रायव्हर हसला आणि साहेबाने त्यालाच झापलं.

मलाही आधी ते पटत नव्हतं. घाम न गाळता आलेला पैसा देवाला कसा चालेल, असं वाटायचं. पण माझ्या नावाने माझ्या हातात पहिला पैसा आला तो वाट्याचाच. तोवर घरखर्चातून वाचवलेलं, ते आपलं म्हणायचं की तुझ्या बाबांचं, हेच कळत नसे. तूही अठरा पूर्ण होताच साठलेला वाटा उचललास, फी भरलीस, तिकीट काढलंस आणि गेलीस. मी तेव्हा फार चिडले होते. म्हटलं, हा वाटा नसता तर पोर अशी उडून गेली नसती. बाबा म्हणाले, "कुणापुढे हात पसरून गेली नाही ना? मग झालं तर." आणि अंगणात जाऊन बराच वेळ सायकल पुसत बसले. सायकल स्वच्छच होती.

बाहेर राहणाऱ्याचं नाव यादीत राहतं ते परत येण्याच्या भरवशावर, हे तुला ठाऊकच आहे. सभेत नाव पुकारलं की घरच्याने उभं राहून "येणार" म्हणायचं. तुझ्यासाठी बाबा म्हणायचे. इतक्या मोठ्याने, की मागच्या बाकावरची पोरं दचकायची. तुला सुट्टी मिळत नाही हे त्यांना कळत होतं, तिकडे तू घर घेतलंस हेही. आयुष्यभर एकाही गाडीला कणभर सूट न देणारा माणूस, पण हे एक माप त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. तुझा वाटा वेगळा ठेवला. आजारपणात औषधांना ओढाताण झाली तेव्हाही मला त्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, "ती आल्यावर विचारेल."

गेल्या वर्षी त्यांना उभं राहवत नव्हतं, तरी खुर्चीची पाठ धरून उठले. कोपऱ्यावरची शिवणवाली आहे ना आपली, अपंग भावाला सांभाळणारी, ती मोठ्याने म्हणाली, "येणार येणार म्हणता म्हणता निम्मा डोंगर संपला, काटेवाले!" सगळं सभागृह हसलं. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. ती काही वाईट बाई नाही. तुझे बाबा गेले तेव्हा चार दिवस तिच्याच घरून डबा आला. आणि तिचं चुकलं तरी काय? जे नाव येणारच नाही, त्याचा वाटा तिच्या भावाच्या वाट्यातून कापला जातो. थोडाच, पण कापला जातो.

यंदा तुझ्यासाठी मला उभं राहायचं होतं. माझं शिक्षण मॅट्रिकचं, चारचौघांत बोलायची सवय नाही. घरापासून सभागृहापर्यंत एक शब्द मनात घोकत गेले, येणार, येणार. एवढं म्हटलं की सुटले. गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढण्याआधी एकदा पुकारतात, हे मी विसरले नव्हते ग. तिथे "गेले" म्हणायचं असतं. कारकुनाने आपल्या घराचं पान काढलं, चष्मा सारखा केला आणि बाबांचं पूर्ण नाव वाचलं. मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "येणार."

कुणीही हसलं नाही. शिवणवालीसुद्धा नाही. कारकुनाने मान खाली घातली, काहीतरी लिहिलं आणि माझं नाव घेतलं. मी "आहे" म्हणाले. मग तुझं नाव आलं. तोच शब्द पुन्हा म्हणायचा होता, जिभेवरच होता. पण आत्ताच तो कुणासाठी म्हणाले होते? तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. कारकून दोनदा थांबला, मग पुढच्या घराकडे वळला. परतताना शिवणवालीने माझी पिशवी घेतली. म्हणाली, "काकू, मीच म्हणणार होते तुमच्या वतीने. पण घरच्याशिवाय चालत नाही." दारापर्यंत सोडून गेली, आत आली नाही.

ज्याला उत्तर मिळत नाही ते नाव महिनाभर फळ्यावर राहतं, मग दुसरं वाचन होतं. तुझं नाव आता बाजारात जाता-येता मला दिसतं. लोक भले आहेत, कुणी विषय काढत नाही. वाट्यासाठी येऊ नकोस, मला एकटीला माझा पुरतो. रागावून यायचं टाळू नकोस आणि दया म्हणून तर मुळीच येऊ नकोस. येणार नसशील तर मी स्वतः उभी राहून तसं सांगेन आणि तुझा साठलेला पैसा परत भरेन, शिवणवालीच्या भावालाही त्यातलं मिळेल. त्याचं मला दुःख नाही. पण बाबांसारखं न विचारता "येणार" म्हणणं मला जमायचं नाही आणि विचारायची हिंमत आजवर झाली नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र, बाकी सगळं उगीच लिहिलं. दुसरं वाचन पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे. येणार आहेस का, ठकू? एका ओळीत लिही, पण खरं लिही, आणि परतीच्या टपालाने कळव.

तुझीच,
आई