सरांचा लेख आणि नारिंगी तारा

शुक्रवार, डिसेंबर २००५
इंदिरानगर, नाशिक

अर्धांगाच्या झटक्यात गेलेली सरांची वाचा आता परत येणार नाही. डॉक्टरांनी आज संध्याकाळी काकूंना स्पष्ट सांगितलं. आपण बोललेलं त्यांना कितपत कळतं, तेही सांगता येत नाही म्हणाले.

लेख सहा आठवडे माझ्याच टेबलावर पडून होता. शाळेत मला भूगोल शिकवणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर लिहिलेला पहिला लेख. सूर्याहून लहान असा एक नारिंगी तारा आणि त्याला अगदी खेटून फिरणारा, गुरूएवढा वायूचा ग्रह. सव्वादोन दिवसांत एक फेरी. तिथलं वर्षच तेवढं. रविवारच्या पुरवणीत दर वेळी जाहिरात यायची आणि मी लेख मागे ठेवायचो. ‘सर, तारा कुठं पळून जातोय?’ असंही म्हणालो होतो. हसून.

ते दर सोमवारी फोन करायचे. ‘मोहन, तुझा एक आठवडा म्हणजे तिथली तीन वर्षं झाली बरं का! ग्रह म्हातारा झाला.’

सहा आठवडे. अठरा वर्षं. एका जाहिरातीला मला नाही म्हणता आलं नसतं का?

आज पुरवणीचं पान लावताना लेख घेतला. एक शब्द कापला नाही. काकूंना सांगितलं, तर रागावल्याही नाहीत. ‘तूच येऊन वाचून दाखव. तुझा आवाज ओळखतील कदाचित,’ म्हणाल्या.

परवा सकाळी अंक घेऊन जायचं आहे. सुरुवात त्यांच्या नावापासून करीन.