मधुमालतीचं न कापलेलं कलम

मी, सुगंधा दशरथ परब, वय एकोणसत्तर, राहणार दिंडोशी, गोरेगाव पूर्व, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे सांगून लिहवून घेत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. राजेशला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचा दाखला काढावा.

तळमजल्याचे राहते घर आणि पुनर्विकासात मिळणारी जागा मुलगा राजेश व सून रुचिरा यांना समान. पाटल्या रुचिराला. तांब्याचा हंडा नणंद राधा हिला देऊ नये. माझ्या लग्नापासून तिचा त्याच्यावर डोळा आहे.

आता खिडकीतल्या कुंडीविषयी. अंगणातली मधुमालती यजमानांनी लावली. शेवटच्या आजारपणात त्यांनी तिची एक फांदी गजांतून आत वाकवली, कुंडीतल्या मातीत दाबली, वर दगड ठेवला आणि मला म्हणाले, "मुळां धरल्याशिवाय कापू नको गो." मुळे धरल्यावर फांदी वेलीपासून तोडली की नवे रोप होते. त्याआधीच ते गेले.

दहाव्याला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, घर विकणार नाही, राजेशने सगळे सांगून पाहिले. ऊन चढले, पाहुणे भुकेले. मी घाईत बोलून गेले, "ते कलम कधीच कापणार नाही." कावळा लगेच उतरला. कधीच, असे त्यांनी मागितले नव्हते. ते माझ्या पदरचे.

तेव्हापासून फांदी तशीच जोडलेली आहे. बाहेरची फुले पांढरी उमलून पुढे लाल होतात, आतली पांढरीच गळतात. फांदी उजेड सोडून यांच्या खाटेकडे येते. आता त्या खाटेवर मी झोपते. रोज सकाळी तिला सोडवून गजाला बांधते. हल्ली ती माझ्या उजव्या मनगटाला विळखा घालून असते. मला भीती वाटते. पण शब्द दिलेला आहे, माझ्या हातून कापणे होणार नाही.

सबब माझ्या दहाव्याला राजेशने पिंडासमोर मोठ्याने म्हणावे, "कलम कापतो." कावळा शिवला तर घरी येऊन लगेच कापावे. न शिवला तर तिथेही माझे काही चालत नाही, यांचेच चालते, असे समजावे. मग वेल मुळासकट नव्या घरी न्यावी, आणि रुचिराने त्या खोलीत झोपू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

लिहून घेणार व साक्षीदार: कमल तावडे, शेजारीण (पाय खुर्चीवर घेऊन सही केली)
साक्षीदार: दादू गवस

दिंडोशी, १४ नोव्हेंबर २०२४

सुगंधा दशरथ परब
डाव्या हाताचा अंगठा. सही येते, पण उजवा हात आज सुटला नाही.